पाचव्या महिन्यात बाळात दोष दिसला आणि डॉक्टर संशोधनासाठी नमुना मागताहेत: द्यावा का?

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. पत्नी 26 वर्षांच्या, पहिलीच खेप, आणि नात्याने प्रश्नकर्त्याच्या मामाची मुलगी. 19 आठवडे 4 दिवसांना केलेल्या अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळाच्या अवयवांतले दोष शोधणाऱ्या सोनोग्राफीत, बाळाच्या दोन्ही किडन्या मोठ्या आणि पांढुरक्या दिसल्या, मेंदूतली पाण्याची पोकळी 13 मि.मी. भरली आणि गर्भाभोवतीचं पाणी कमी आहे. ठाण्यातल्या फीटल मेडिसिनच्या (पोटातल्या बाळाच्या आजारांच्या) डॉक्टरांनी गर्भजलाची तपासणी सुचवली. त्याच भेटीत, एका संशोधन प्रकल्पासाठी थोडा नमुना आणि तुम्हा दोघांचं रक्त द्याल का, असंही विचारलं. आता घरचे म्हणतात की आमच्यावर प्रयोग चाललाय. त्यात तुम्ही एका अभ्यासात वाचलंत की अशा बाळांपैकी 8.5 टक्क्यांतच कारण सापडतं, मग सुई टोचून घ्यायची कशाला? आणि शेवटचा प्रश्न, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी उशिरा सुरू केली म्हणून हे झालं का? मंगळवारी पुन्हा भेट आहे.

या चार प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. नमुना घेण्याची संधी आत्ता आहे, पुढे ती मिळेलच असं नाही. तो संशोधनाला द्यायचा की नाही, हा दुसरा आणि लहान प्रश्न. पहिला प्रश्न असा की तुमच्या स्वतःच्या निदानासाठी नमुना नीट घेतला जाणार आहे का, आणि त्याचा काही भाग जपून ठेवला जाणार आहे का. या दोन्हींची गल्लत झाल्यामुळे घरात भीती पसरली आहे असं मला वाटतं.

एवढ्या माहितीवरून बाळाला नेमकं काय आहे हे मी सांगू शकत नाही, आणि दुसरं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण डॉक्टर घाई का करताहेत ते सांगता येईल.

पांढुरकी किडनी म्हणजे सोनोग्राफीत यकृतापेक्षा उजळ दिसणारी किडनी. साधारण 16व्या आठवड्यानंतर गर्भाभोवतीचं पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं, म्हणून किडनीची स्थिती पाण्यावरून कळते. दोन्ही किडन्या उजळ पण पाणी पुरेसं, अशी बाळं बरीच असतात आणि त्यांतली पुष्कळ नीट वाढतात. सतराव्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा गहाळ असला, म्हणजे त्यावरचं एचएनएफ1बी नावाचं जनुक गेलं, तरी किडन्या अशा दिसतात. अशा मुलांना पुढे किडनीच्या डॉक्टरांकडे नियमित जावं लागतं, साखरेवर लक्ष ठेवावं लागतं, पण बरीच जण शाळा-कॉलेज करून मोठी होतात. उलट दोन्ही किडन्या मोठ्या, पाणी कमी आणि मेंदूतही फरक, असं एकत्र दिसलं की एकाच जनुकातल्या दोषाने होणारे आजार मनात येतात. त्यातले काही असे असतात की पाणी नसल्याने फुप्फुसं वाढत नाहीत आणि बाळ जन्मानंतर जगत नाही. या दोन टोकांमधलं अंतर प्रचंड आहे. तुमचं बाळ कुठे बसतं हे फक्त स्कॅनवरून ठरवणं धोक्याचं आहे, कारण पाणी कमी असलं की चित्रच धूसर येतं. बोटं पाच की सहा, डोक्याच्या मागचं हाड बंद आहे की नाही, या आजारांच्या खुणा नेमक्या तेव्हाच दिसेनाशा होतात.

त्यामुळे पहिलं काम दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या अनुभवी डॉक्टरांकडून पुन्हा स्कॅन. त्यात चार गोष्टी लेखी मागा: दोन्ही किडन्यांची लांबी, पाण्याचा सर्वांत मोठा कप्पा किती सेंटिमीटर, हातापायांची बोटं मोजली का, आणि मानेच्या वर डोक्याच्या मागे हाडात फट दिसते का. मेंदूतल्या पोकळीचं मापही पुन्हा घ्यायला सांगा. ते एका ठरलेल्या जागी, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घेतात. 10 मि.मी.च्या आत असेल तर नॉर्मल, 10 ते 12 सौम्य, 13 ते 15 मध्यम आणि 15च्या वर तीव्र. तुमचं 13 अगदी सीमेवर आहे. मापताना छेद जरा तिरका झाला तरी एक मिलिमीटर इकडेतिकडे होतं आणि गट बदलतो. शिवाय तुम्हा दोघांच्या किडन्यांची साधी सोनोग्राफी त्याच दिवशी करून घ्या. वडिलांच्या किंवा आईच्या किडनीत लक्षात न आलेल्या गाठी सापडल्या, तर बाळाच्या किडन्यांकडे बघण्याची दिशाच बदलते.

मेंदूच्या एमआरआयबद्दल कुणी बोललं असेल तर त्यालाही संशोधनाचा आधार आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मेरिडियन अभ्यासात, सोनोग्राफीत मेंदूचा दोष असल्याचा संशय आलेली 570 बाळं घेतली होती. नेमकं निदान सोनोग्राफीने 68 टक्क्यांत बरोबर निघालं, त्याला एमआरआयची जोड दिल्यावर 93 टक्क्यांत. पण हे आकडे संशय आधीच आलेल्या बाळांचे आहेत. तुमच्या बाबतीत मुख्य प्रश्न किडनी आणि पाण्याचा असल्याने एमआरआय दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. 22व्या आठवड्याच्या सुमारास तो जास्त उपयोगी पडतो.

आता 8.5 टक्क्यांकडे येऊ. हा आकडा खरा आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पेज नावाच्या ब्रिटिश अभ्यासात सोनोग्राफीत दोष दिसलेल्या 610 बाळांची एक्झोम तपासणी झाली. एक्झोम म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या जवळजवळ सगळ्या जनुकांचं अक्षर-अक्षर वाचन. कारण सापडलं ते 52 बाळांत, म्हणजे 8.5 टक्के. पण ही बाळं निवडली कशी होती ते बघा. त्यांची गुणसूत्रं आणि मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांचे लहान गहाळ किंवा जादा तुकडे शोधणारी तपासणी) आधीच नॉर्मल आली होती. म्हणजे सहज सापडणारी कारणं अगोदरच गाळून टाकलेली होती. शिवाय त्यात फक्त मानेमागचं पाणी वाढलेली बाळंही होती, आणि त्या गटात कारण जेमतेम 3.2 टक्क्यांत सापडलं. ज्यांच्या एकापेक्षा जास्त अवयवांत दोष होता, त्यांच्यात ते 15.4 टक्के निघालं. सरासरीत हे सगळे एकत्र मिसळले गेले. तुमचं बाळ दुसऱ्या गटाच्या जवळ जातं.

त्यात तुमचं नातं. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, आणि बहुतेक जोडप्यांना निरोगी मुलं होतात, त्यामुळे अपराधी वाटून घेऊ नका. पण आजी-आजोबांकडून आलेला एकच दोष दोघांकडे असण्याची शक्यता अशा जोडप्यात वाढते, आणि दोन्ही बाजूंनी तोच दोष आला तर बाळ आजारी होतं. ज्या अभ्यासात बहुतेक आई-वडील एकमेकांना परके होते, त्याची टक्केवारी जशीच्या तशी तुमच्यावर लावता येत नाही. तुमच्यासाठी नेमका आकडा मी देणार नाही, कारण तो आकडा प्रामाणिकपणे देता येण्यासारखा नाही. तो 8.5पेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे, एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं.

कुठल्याही अभ्यासाची टक्केवारी वाचताना आधी हेच विचारायला हवं: ती कुणावर मोजली, त्यांच्यात आणि आपल्यात साम्य किती?

तपासण्यांचा क्रमही तुमच्या डॉक्टरांनी बहुधा असाच ठरवला असेल. आधी क्यूएफ-पीसीआर, ज्यात 13, 18, 21 या गुणसूत्रांची संख्या दोन-चार दिवसांत कळते. 13 नंबरचं गुणसूत्र जास्त असलं तर किडन्या, मेंदू आणि जादा बोटं हे सगळं एकत्र दिसू शकतं, म्हणून तुमच्यासाठी ही महत्त्वाची. तिच्यासोबत मायक्रोअ‍ॅरे, ज्यात गुणसूत्रांचे लहान गहाळ किंवा जादा तुकडे सापडतात. वर सांगितलेला एचएनएफ1बीचा तुकडा इथेच दिसतो. 2012च्या 4,406 स्त्रियांवरच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, बाळात रचनेचा दोष आणि साधी गुणसूत्र तपासणी नॉर्मल अशा गर्भारपणांपैकी 6 टक्क्यांत मायक्रोअ‍ॅरेने महत्त्वाचा दोष दाखवला. तिसरी एक्झोम. नेहमी ती मायक्रोअ‍ॅरे नॉर्मल आल्यावर करतात, पण तुमच्याकडे वेळ कमी आहे. म्हणून दोन्हीसाठीचा डीएनए एकाच दिवशी काढून ठेवणं आणि एक्झोम लगेच सुरू करायची का हे मंगळवारीच ठरवणं शहाणपणाचं. एक्झोममध्ये बाळासोबत आई आणि वडील दोघांचंही रक्त लागतं, प्रत्येकी तीन-चार मि.ली., जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बाटलीत. फक्त बाळाचा नमुना पाठवला तर शेकडो बारीक फरक सापडतात आणि त्यातला दोषी कोणता हे सांगणं कठीण होतं.

सुईबद्दल. गर्भजल काढायला 20 किंवा 22 गेजची बारीक सुई वापरतात, सोनोग्राफीत टोक सतत दिसत राहतं, आणि 15 ते 20 मि.ली. पाणी घेतात. पहिले एक-दोन मि.ली. वेगळे काढायचे असतात, कारण त्यात आईच्या पेशी येतात. तरीही प्रयोगशाळेकडून आईच्या पेशींची भेसळ तपासण्याची चाचणी मागा. ती न केल्यामुळे आईचाच रिपोर्ट बाळाच्या नावाने येण्याचा धोका खरा आहे. गर्भपाताच्या जोखमीचे दोन आकडे तुमच्या कानावर येतील. 1986 साली डेन्मार्कमध्ये 4,606 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत तपासणीमुळे गर्भपात सुमारे 1 टक्क्याने जास्त झाले. 2015 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा मात्र 0.1 टक्क्याच्या आसपास होता, म्हणजे हजारात एक. जुना आकडा आजच्या मशीन्स आणि आजचा सराव येण्याआधीचा आहे. पण दोन्ही आकडे भरपूर पाणी असलेल्या, वरवर निरोगी गर्भारपणांतून आलेले आहेत, हेही लक्षात ठेवा.

तुमच्याकडे पाणीच कमी आहे, आणि अडचण तिथे येते. सुईला सुरक्षित कप्पा मिळाला नाही तर वारेचा बारीक तुकडा घेतात किंवा नाळेतून रक्त. नाळेतून रक्त काढण्यात जोखीम गर्भजलापेक्षा जास्त. वारेच्या तुकड्यात ती तुलनेने कमी, आणि डीएनए भरपूर मिळतो. पाणी आणखी आटलं तर पर्याय आणखी कमी होतील. डॉक्टरांची घाई याचसाठी आहे. तपासणीनंतर एक-दोन दिवस जड उचलू नये, बाकी पलंगावर पडून राहायची गरज नाही. पाणी गळालं, ताप आला किंवा पोट सारखं आवळायला लागलं तर लगेच जा. ताईंचा रक्तगट निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल तर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन घ्यायचं असतं. हे विचारायला विसरू नका.

एक अगदी व्यवहाराची गोष्ट. नमुना सोमवार ते गुरुवारातच घ्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रयोगशाळा बऱ्याच आहेत, पण सगळ्या जनुक तपासण्या तिथल्या तिथे होतात असं नाही, नमुना बाहेरगावी जाऊ शकतो. शनिवारी संध्याकाळी काढलेलं गर्भजल कुरिअरच्या गोदामात पडून राहिलं तर पेशी मरतात. तो नमुना गोठवायचाही नसतो.

आता संशोधन. तुमच्या वर्णनावरून हा नमुने साठवून अभ्यासण्याचा प्रकल्प दिसतो, औषध किंवा शस्त्रक्रियेचा प्रयोग नव्हे. हा फरक मोठा आहे. गर्भावरच्या उपचारांचे प्रयोग वेगळे असतात. पाठीच्या कण्याची फट पोटातच शिवायची की जन्मानंतर, याची 2011 साली प्रसिद्ध झालेली अमेरिकी चाचणी घ्या. पोटात शस्त्रक्रिया केलेल्या बाळांना वर्षभरात मेंदूतलं पाणी काढणारी नळी लागण्याचं प्रमाण 82 वरून 40 टक्क्यांवर आलं, पण बाळं सरासरी तीन आठवडे लवकर जन्मली आणि आईच्या गर्भाशयावर व्रण राहिला. अशा प्रयोगात भाग घेणं म्हणजे जोखीम पत्करणं. तुमच्याकडे मागितलं जातंय ते, निदानासाठी काढलेल्या नमुन्यातला उरलेला भाग आणि हातातून काढलेलं रक्त. त्यासाठी वेगळी सुई पोटात जाणार नसेल तर बाळाला जास्तीचा धोका नाही. हाच प्रश्न मंगळवारी सरळ विचारा: ‘संशोधनासाठी म्हणून जास्तीचं पाणी किंवा जास्तीची सुई आहे का?’ पाणी कमी असताना ‘आहे’ असं उत्तर आलं तर नकार द्या.

बाकी काय विचारायचं तेही सांगतो. संमतीपत्र मराठीत आहे का आणि त्याची प्रत घरी नेता येईल का? प्रकल्पाला एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का, आणि कमिटीच्या सचिवांचा संपर्क पत्रावर छापला आहे का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनासाठी केलेल्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. नकार दिला म्हणून उपचारात फरक पडायचा नसतो. दिलेली संमती नंतर मागे घेता येते. म्हणून ‘ही तपासणी संशोधनात आहे, पण अर्धे पैसे तुम्ही भरा’ असं कुणी म्हणालं तर कोणता भाग उपचाराचा आणि कोणता संशोधनाचा, हे लेखी मागा. नमुना किती वर्षं ठेवणार, नावाऐवजी क्रमांक वापरणार का, आणि महत्त्वाचं काही सापडलं तर तुम्हाला कळवणार का, हे तिन्ही पत्रात असायला हवं. शेवटचं उत्तर ‘नाही’ असेल तर संमती द्यायला हरकत नाही, पण मग त्या प्रकल्पावर विसंबून स्वतःची तपासणी टाळू नका.

कारण घोळ नेमका इथेच होतो. ‘संशोधनात फुकट एक्झोम होतेय, मग पैसे भरून वेगळी कशाला?’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण संशोधनाचा निकाल यायला महिने लागतात, कधी वर्ष. अनेक नमुने जमले की ते एकत्र मशीनवर चढवतात. आणि संशोधनाच्या प्रयोगशाळेत सापडलेला दोष मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पुन्हा तपासून पक्का केल्याशिवाय त्याच्यावर गर्भारपणाचा निर्णय घ्यायचा नसतो. तुमचं घड्याळ वेगळं आहे. क्यूएफ-पीसीआर दोन-चार दिवस, मायक्रोअ‍ॅरे दहा ते चौदा दिवस, एक्झोम साधारण तीन-चार आठवडे. निर्णयाला लागतं ते पैसे भरून, मान्यताप्राप्त ठिकाणी. संशोधन त्याच्या जोडीने चालू दे.

कायद्याचं घड्याळही बघून ठेवा, म्हणजे घाबरून निर्णय होणार नाही. गर्भपाताच्या कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनंतर, गर्भपातासाठी 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचं लागतं, आणि बाळातलं गंभीर व्यंग हे त्यासाठी मान्य कारण आहे. 24 नंतर, व्यंग मोठं असेल तर, सरकारी मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. त्यात स्त्रीरोग, बालरोग आणि सोनोग्राफीचे तज्ज्ञ असतात. नियमांनुसार बोर्डाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. म्हणजे 24 ही भिंत नाही, पण तिच्या अलीकडे मार्ग सोपा आहे. आठवडे मोजताना पहिल्या तिमाहीतला स्कॅन ग्राह्य धरतात, तो रिपोर्ट फाईलमध्ये वर ठेवा. आणि संमती फक्त ताईंची लागते. तुमची, सासूबाईंची किंवा मामांची नाही. गर्भ ठेवायचा की नाही हे त्या ठरवतील, आणि ठेवायचं ठरलं तरी त्या निर्णयाला तितकाच वैद्यकीय आधार मिळाला पाहिजे: नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय, किडनीच्या बालतज्ज्ञांची जन्माआधीच भेट, आणि फुप्फुसं वाढलेली नसतील तर यंत्रावर कितपत ठेवायचं याचं आधीच लेखी ठरलेलं. बाळाचं लिंग मात्र यातल्या कुठल्याही रिपोर्टवर येणार नाही, संशोधनाच्याही नाही. कायदा तसा आहे.

गर्भ न ठेवण्याचा निर्णय झाला तर पुढचं नीट वाचा, कारण पुढच्या खेपेचं बरंचसं भवितव्य त्या एका दिवसावर ठरतं आणि दुःखाच्या भरात ते हमखास निसटतं.

‘गुणसूत्रं नॉर्मल, म्हणजे अपघात होता, पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य अशा जोडप्यांना फार वेळा ऐकायला मिळतं. दोष एका जनुकातला असेल तर गुणसूत्रं नॉर्मलच येतात, आणि तो दोष आई-वडील दोघांकडून आलेला असेल तर धोका प्रत्येक खेपेला चारात एक असतो. म्हणून बाळाची तपासणी करून घ्या. तिला शवविच्छेदन म्हणतात. शब्द कठोर आहे, पण यात पोलिसांचा संबंध नाही आणि ताईंच्या संमतीशिवाय ती होत नाही. मायफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉलने कळा आणून प्रसूती झाली तर बाळ अखंड मिळतं आणि तपासणी नीट होते. 22 आठवड्यांच्या पुढे प्रसूतीआधी बाळाच्या हृदयाचे ठोके इंजेक्शनने थांबवावे लागू शकतात. आधी नमुना मिळाला नसेल तर त्याच सुईने औषध देण्यापूर्वी थोडं रक्त काढता येतं, तसं आधी सांगून ठेवा.

प्रसूतीनंतर क्रम चुकता कामा नये. आधी नाळेचं रक्त, दोन मि.ली., जांभळ्या बाटलीत. मग मांडीच्या त्वचेचा लहान तुकडा आणि नाळेचा दोन-तीन सेंटिमीटर तुकडा, दोन्ही निर्जंतुक सलाईनमध्ये, फ्रीजच्या साध्या कप्प्यात. त्यानंतरच बाकी सगळं फॉर्मालिनमध्ये. फॉर्मालिन पेशींची रचना टिकवतं पण डीएनए तुटतो. बाळ थेट फॉर्मालिनच्या डब्यात गेलं की जनुक तपासणीचा दरवाजा जवळजवळ बंद होतो. तपासणीला थोडा वेळ असेल तर बाळाला चार अंश तापमानात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठल्यावर पेशी फुटतात. मग वजन आणि लांबी, समोरून व बाजूने फोटो, दोन्ही तळहात आणि तळपायांचे वेगळे फोटो, पूर्ण शरीराचा एक्स-रे. वारही सोबत पाठवायची. पॅथॉलॉजी तज्ज्ञांना मुद्दाम चिठ्ठी द्या: किडनी आणि यकृत दोन्हींचे काप हवेत. किडनीतल्या गाठींचे प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे कळतात आणि यकृतातल्या पित्तनलिकांवरून आजारांचं कूळ ओळखता येतं. धूसर स्कॅनमध्ये न दिसलेलं सहावं बोट इथे कुणीही मोजू शकतं, आणि तेवढ्यावरून एक्झोम वाचणाऱ्याला शेकडो जनुकांऐवजी मोजक्या जनुकांकडे बघता येतं.

ही सोय खासगी प्रसूतिगृहात सहसा नसते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात विचारा. तुमच्या जवळ कळवा, नेरूळ आणि कामोठे इथे महाविद्यालयं आहेत. गर्भाची तपासणी तिथे होते का, किती वाजेपर्यंत स्वीकारतात, कोणते कागद लागतात, हे भरती होण्याआधी फोन करून ठरवा. रात्री दोन वाजता प्रसूती झाल्यावर ही धावपळ नातेवाइकांना झेपत नाही.

आणखी एक, ज्याबद्दल बायकांना कुणी सांगत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळ गेलं तरी दोन-तीन दिवसांनी दूध येतं. आधीच ओल्या असलेल्या जखमेवर ते फार लागतं. पहिल्याच दिवशी कॅबरगोलिनची गोळी दिली तर दूध येणं थांबतं. रक्तदाब वाढलेला असेल तर ती देत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारून.

फॉलिक अ‍ॅसिड. नाही, गोळी उशिरा सुरू केल्याने किडन्या अशा होत नाहीत. 1991च्या ब्रिटिश नेतृत्वाखालच्या चाचणीत, आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असलेल्या स्त्रियांना रोज 4 मि.ग्रॅ. फॉलिक अ‍ॅसिड दिल्यावर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. तो निष्कर्ष त्या दोषापुरता आहे. तुमच्या बाळात डोक्यामागे फट सापडली आणि तिचं कारण जनुकात निघालं, तर तिथे कितीही गोळ्या घेऊन फरक पडला नसता. पुढच्या खेपेआधी गोळी घ्यायचीच, ती इतर फायद्यांसाठी. ग्रहण, पपई, जिना चढणं, लोकलचा प्रवास यांचाही याच्याशी काही संबंध नाही, आणि घरात कुणी ताईंना त्यावरून बोलत असेल तर ते तुम्हीच थांबवायला हवं.

नमुना संशोधनाला द्यावा असं माझं मत आहे, वरच्या अटी पाळल्या जात असतील तर. या विषयातले मोठे अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत. आपल्याकडे चेन्नईच्या फीटल केअर रिसर्च फाउंडेशनची जन्मजात व्यंगांची नोंदवही 2001पासून चालू आहे, तरी भारतीय कुटुंबांच्या जनुकांची माहिती अजून तोकडी आहे. त्याचा परिणाम तुमच्याच रिपोर्टवर दिसू शकतो. एखादा बदल सापडतो, पण तो आपल्या लोकांत निरुपद्रवी असतो की रोगकारक, हे ठरवता येत नाही आणि रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. अशा शेऱ्यावर गर्भाचा निर्णय घेऊ नका, आणि तो रिपोर्ट फेकूनही देऊ नका. वर्ष-दोन वर्षांनी त्याच माहितीचं पुन्हा विश्लेषण करून मागा. दरम्यान दुसऱ्या कुटुंबात तोच बदल नोंदला गेला असेल तर उत्तर मिळतं, आणि ते दुसरं कुटुंब संशोधनात आलेलं असतं म्हणूनच मिळतं.

दोष पक्का झाला तर पुढच्या खेपेचा रस्ता मोकळा होतो. 11 ते 13 आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन फक्त तेवढाच एक बदल शोधायचा. त्याला एक्झोमइतका वेळ लागत नाही, चौथा महिना संपायच्या आत उत्तर हातात येतं. किंवा आयव्हीएफमध्ये गर्भ रोवण्याआधी तपासणी. ठाऊक असलेल्या आनुवंशिक आजारासाठी कायदा त्याला परवानगी देतो. तुमच्या दोघांच्या सख्ख्या भावंडांनाही लग्नाआधी साध्या रक्ततपासणीत कळू शकेल की तो दोष त्यांच्याकडे आहे का. दोष सापडलाच नाही, तर 12व्या आठवड्यात अनुभवी डॉक्टरांकडून किडन्या, डोक्याची मागची बाजू आणि बोटं बघून घ्यायची, 16व्या आठवड्याला पाणी आणि किडन्या पुन्हा. साठवलेला डीएनए तेव्हाही उपयोगी पडतो, म्हणून मंगळवारी नमुना घेताना ‘उरलेला डीएनए आमच्या नावाने साठवा’ हे मागणीपत्रावर लिहून घ्या आणि साठवणुकीची पावती फाईलला लावा.